एकाच अंगठ्याचा अर्ज

वकील माहेनूरनं पिशवीतून शाईचा पॅड काढून बाजेवर ठेवला, तरी थावरा नायकानं हात पुढे केला नाही. त्यानं उशाखालून एक घडी घातलेला कागद काढला आणि तिच्यासमोर उलगडला.

गुळगुळीत, जाड कागद. त्यावर त्याचाच रंगीत फोटो. डोक्याला पटका, हात लांब करून डोंगरावरची दगडखाण दाखवणारा. खाली त्याचं नाव, तांड्याचं नाव, तालुका सेनगाव.

"काल सकाळी दाराच्या कडीला अडकवलेला व्हता," थावरा म्हणाला. "कवा लावला, कुत्रं बी भुंकलं न्हाई."

माहेनूरला कागद ओळखायला वेळ लागला नाही. मुंबईच्या ज्या संस्थेनं या खटल्यासाठी अनुदान दिलं होतं, तिच्या वार्षिक अहवालातलं ते पान होतं. फोटो तिनंच काढला होता, तिनंच पाठवला होता. अहवाल आला तेव्हा हिंगोलीच्या आपल्या दीड खोलीच्या ऑफिसात तिनं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवलाही होता. संस्था भली होती, यात वाद नाही. औरंगाबादच्या खंडपीठापर्यंतच्या खेपा, कागदपत्रं, मोठ्या वकिलांची फी, सगळं तिच्याच जोरावर चाललं होतं; नाहीतर खाणीच्या सुरुंगांनी तांड्याची विहीर ढासळली म्हणून हायकोर्टात कोण जाणार होतं? पण भल्या माणसांना आपलं भलं काम छापून वाटायची हौस असते. प्रती कुठेकुठे गेल्या, कोण जाणे.

संस्थेच्या फॉर्मवर अर्जदारांसाठी वीस ओळी होत्या. माहेनूरनं एकच भरली होती. नायक बोलला म्हणजे तांडा बोलला, असं चाळीस घरांनी तिला सांगितलं होतं आणि तिलाही ते फार सुरेख वाटलं होतं. याचिकेवरही तेच एक नाव, तोच एक अंगठा. आज तिला स्वतःचा मनस्वी राग येत होता. एवढं शिकून तिला हे सुचू नये, की एकच नाव असलं म्हणजे एकाच माणसाला गाठलं की झालं.

"ती जीप कोणाची?" तिनं विचारलं. अंगणासमोरच, तांड्याच्या तोंडाशी चिंचेखाली एक पांढरी जीप उभी होती. पुढे नंबर नव्हता.

"तीन दिस झाले. येते, उभी राहते." थावरा हसला, पण ते हसू मिशीतच राहिलं. "परवा त्यातल्या एकानं इचारलं, नायक, शेतात एकलेच जाता का म्हणून. लई आदबीनं इचारलं बघा."

"नायक, सोमवारी तारीख आहे. तुम्हाला नाव काढून घ्यायचं असेल, तर मी आजच तसं लिहून देते. माझा काही राग नाही."

"अन् खटला?"

"बंद पडेल."

थावरा विहिरीकडे बघत बसला. आतून त्याची बायको, जिवनबाई नायकण, बाहेर आली. तिनं तो कागद उचलला आणि फोटोवर बोट ठेवलं.

"वकीलबाई, ह्यायले एकलं काहून उभं केलं तुमी?"

"चुकलं माझं, जिवनबाई." माहेनूर म्हणाली.

"मंग दुसरा काढा. आमी समदे उभे राहतो. अंगठे बी समद्यायचे घ्या."

नायकाच्या बरोबरीनं अंगठा देणं तांड्याच्या रीतीत बसत नव्हतं. थावरानं मान वर केली. पण तो काही बोलायच्या आत जिवनबाईनं गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, हाळी दिली आणि स्वतःचा अंगठा शाईत दाबला. मग घराघरांतून माणसं येत गेली. खेमा आला, म्हातारी नानीबाई आली. अंगठा उमटवून जो तो एकदा जीपकडे बघत होता आणि नायकाशेजारी जाऊन उभा राहत होता.

माहेनूरनं कॅमेरा डोळ्याला लावला. सगळे काही मावेनात. ती दोन पावलं मागे सरकली. तरी नानीबाई कडेला कापली जात होती. आणखी चार पावलं, आणखी दोन. आता सगळे आले, असं वाटलं तोच तिची पाठ कशाला तरी टेकली. जीपचं बोनेट होतं. ते गरम होतं आणि आत इंजिन चालू होतं.

"मॅडम, जीप मागं घेऊ का?" आतून आवाज आला. खरोखरच आदबीचा आवाज होता. "समदे येऊ द्या फोटोत. एक बी सुटला न्हाई पायजे."

ती वळली नाही. आपण पुन्हा तीच चूक करतो आहोत का, असं तिच्या मनात आलं. तिनं कॅमेरा खाली घेतला आणि थावराकडे बघितलं. त्यानंही ते ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं.

पुढच्या रांगेतून कोणी हललं नाही. जिवनबाईनं डोक्यावरची ओढणी मागे सारली, तोंड नीट दिसावं म्हणून. तिचं बघून नानीबाईनं सारली, मग बाकीच्या बायांनीही.

माहेनूरनं बटण दाबलं. मग पुन्हा एकदा दाबलं.