अंतर्यामीबाबाची टोपली

फुलसावंगीच्या मैदानात मंडप भरून माणसं बाहेरच्या ट्रॅक्टरवर चढून बसलीवती. अंतर्यामीबाबा डोळे मिटून लोकायच्या मनातलं सांगून राह्यला होता. मी, देवीलाल, सगळ्यात म्होरं. बावळटाले जागा बरोबर भेटते.

आत जातानीच चेला म्हणे, "मोबाईलच्या लहरी देवाच्या लहरीले आडव्या येतात. फोन टोपलीत टाका. लॉक असन तं काढा!" माह्या बायकोच्या, रामीबाईच्या फोनले लॉकच नव्हतं. कापूस येचून येचून बोटं झिजली, अंगठा लागतच नाही.

रामीबाईले पाहून बाबा गरजला, "तुही पोरगी तुले लिहिते, 'याडी, पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला, बापूले सांगू नको!' पोरगी गेली तं बापाचा जीव जाईन. शांती करा!"

"हे मी कोणालेच नाही सांगतलं!" रामीबाई पांढरीफटक.

मी धाडकन बाबाच्या पायावर. घरी येऊन पोरीले, सोनूले सांगतलं, "कॉलेजच्या कागदावर सही करत नाही." प्रवेशाची शेवटची तारीख सोमवार. पोरगी जेवली नाही.

माही लहान बहीण उज्ज्वला तवा सुटीत आलती. वीस वर्षं झाले, बंगलोरले मोबाईलच्या संदेशाले असं गणित लावते का रस्त्यात कोणालेच वाचता येत नाही. मी तांड्यात सांगो, "कुलपाच्या कंपनीत हाये."

उज्ज्वला म्हणे, "भिया, ते गणित तोडाले मोठमोठे कॉम्प्युटर थकतात. तुह्या बाबानं तोडलं?"

"देवाले काय अवघड?"

"तवा वहिनीचा फोन कुठं होता?"

"टोपलीत."

तिनं फोन उघडून पाह्यला. "याच्यातले संदेश एका कॉम्प्युटरवरबी दिसून राह्यले. घरी कॉम्प्युटर कोणाचा हाये?"

"आपल्याकडं मिक्सरबी धड नाही."

मंग तिनं त्याच फोनवर खोटा संदेश धाडला: 'सोनूचं लग्न ठरलं. नवरदेवाचा डावा डोळा काचेचा.'

रविवारी आमी परत मंडपात गेलो. रामीबाईले पाहून बाबा गदगदला, "जावई दिसून राह्यला! डावा डोळा... काचेचा!"

उज्ज्वला उभी राह्यली. "बाबा, तो जावई मी काल भाजी निवडता निवडता बनवला."

मंडपात खसखस पिकली. आमच्या तांड्यातल्या नेमसिंगनं पडद्यामागून चेल्याचा कॉम्प्युटर उचलून आणला. लोकं दरबारात बसले का चेला टोपलीतले उघडे फोन त्याले जोडे. मंग घरचं सगळं वाचून बाबाले सांगे. बाबाच्या जटेखाली कानात बारकं यंत्र होतं.

"गणित कोणीच नाही तोडलं, भिया," उज्ज्वला म्हणे. "फोनच तुमी हातात देल्ला."

सोमवारी मी सही केली. सोनू म्हणे, "बापू, जीव नाही गेला?"

"अक्कल गेलती. आली वापस."

म्हणून सांगतो, कोणी तुमच्या मनातलं सांगतलं तं पाया पडाच्या आधी इचारा, याले हे कुठून कळलं? इचाराची लाज नसते. लाज मले त्या सोमवारी वाटली, पोरीच्या तोंडाकडं पाह्यतानी.