सवलतीच्या जोडणीवरचे वाचक

मित्रांनो, मान जरा वर करा. वाचनालयाच्या भिंतीवर, घड्याळाखाली, पिवळट पडलेली एक पेटी हिरवे दिवे मिचकावते आहे ना? तो मी, एक जुना राउटर. माझ्यातून इंटरनेट वाहतं. माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी हजारो भावंडं असल्यामुळे माझं विशेष कौतुक कोणाला नव्हतं.

शाळांना आणि वाचनालयांना सवलतीच्या दरात इंटरनेट देण्याची योजना निघाली आणि मी इथे आलो. अट एकच. तपासणीच्या वेळी निदान एक वाचक मला जोडलेला दिसला पाहिजे, नाहीतर सवलत बंद. पूर्ण दर वाचनालयाला झेपणारा नव्हता.

पहिली वर्षं थाटात गेली. ग्रंथपालबाई मला मऊ फडक्याने पुसत. प्रत्येक वाचकाला त्यांनी माझ्यात एक टोपणनाव देऊन ठेवलं होतं. खिडकीजवळ बसून टॅबवर शब्दकोडी सोडवणारे ते 'कोडेआजोबा'. पुढे घरोघरी मोबाईल आले आणि मला कोणी विचारेना. उरली एकटी 'वेणी'. तिच्या घरी ना फोन, ना इंटरनेट. शाळा सुटली की ती इथल्या संगणकावर नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचे धडे ऐकायची.

तपासनीस आले ते नेमके शाळा सुटायच्या आधी. वाचनालयात चिटपाखरू नव्हतं.

"वाचक कुठायत, मॅडम?"

"येईलच हो आमची वेणी. तोवर चहा घ्या."

"चहाला वाचक धरत नाहीत," असं म्हणत त्यांनी बाईंच्या संगणकाच्या पडद्यावर, मला जोडलेल्यांच्या यादीवर नजर टाकली. "एक आहे की! कोडेआजोबा. बोलवा त्यांना."

बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "ते मागच्या हिवाळ्यात वारले, साहेब."

"मग त्यांचा टॅब कोण वापरतंय?"

"मुलाने इथेच आणून दिलाय." बाईंनी कपाट उघडलं. टॅब धूळ खात पडला होता, चार्जिंग केव्हाच संपलेला.

खिडकीजवळची खुर्ची कुरकुरली. तपासनीसांनी तिकडे बघायचं कटाक्षाने टाळलं आणि वरिष्ठांना फोन लावला. "साहेब, वाचक हयात असावा, असं नियमात कुठे आहे का? नाही? बरं, बरं."

"सवलत चालू राहील," असं दाराकडे चालता चालताच सांगून ते चहा न घेता गेले.

मला स्वतःला यात नवल वाटलं नाही. आजोबा रोजच येत होते. मला कोणी विचारलंच नव्हतं.

पण सवलत म्हटली की बातमी पसरायला वेळ लागत नाही. तिकडेसुद्धा. यादीत नावं वाढू लागली. बाईंनी कधीच न दिलेली, जुन्या वळणाची नावं. माझे दिवे अखंड लुकलुकू लागले. भर दुपारी खोली गार पडू लागली. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर या गर्दीत वेणीचा धडाच अडकला. पडद्यावरच्या शिक्षिकेचं उघडलेलं तोंड उघडंच राहिलं.

"बाई, अजून अर्धा धडा राहिलाय हो!" वेणी रडकुंडीला आली.

बाई उठल्या. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून, रांगेतल्या लोकांशी बोलावं तशा म्हणाल्या, "मंडळी, पोरीची उद्या परीक्षा आहे. तुम्हाला काय, वेळच वेळ आहे. थांबा की जरा!"

एकेक नाव यादीतून उतरत गेलं. सर्वांत शेवटी कोडेआजोबा. खिडकीजवळची खुर्ची कोणीतरी अदबीने आत सरकवली. मग शिक्षिकेचं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि धडा पुढे सुरू झाला. वेणीने डोळे पुसले आणि लिहायला घेतलं.

तर मित्रांनो, माझ्यासारख्यांची धूळ अधूनमधून पुसत जा, आणि वाचनालयात येत जा. हयातीतच या. मागाहून येणारे पुष्कळ आहेत, पण वाचनालय चालवायचा सगळा भार त्यांच्यावर टाकणं बरं दिसत नाही.