प्रश्न सहावा, गुण एक

मंगळवारी सकाळी दहा वाजता शिंपीकाका आले नाहीत. वीस मिनिटं उलटली तरी मुलाखतीच्या खोलीतली खुर्ची रिकामीच होती. नैराश्यावरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू होऊन पाच आठवडे झाले होते, आणि ते एकदाही मिनिटभर उशिरा आले नव्हते.

झोप, भूक, धास्ती, रडू असे तेच सतरा प्रश्न दर आठवड्याला विचारून, त्रास जितका जास्त तितके जास्त, असे शून्य ते चार गुण द्यायचं काम धाकटीकडे होतं. विभागात सगळ्यांत नवी, म्हणून धाकटी. तिने तीनदा फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मग तिने मागच्या मंगळवारचा कागद काढला. प्रश्न सहावा, मरणाचे विचार: एक.

हा एक तिला शिकवला गेला होता. कामावर घेण्याआधी प्रत्येकाला एका जुन्या रुग्णाच्या मुलाखतीचा एकच व्हिडिओ दाखवत आणि त्यातल्या त्या सुताराला सगळ्यांनी सारखेच गुण द्यायचे असत. सुतार हसून सांगत होता, "छे हो, मरायचं कशाला? हत्यारं भाच्याला देऊन टाकली. हलकं वाटतंय." धाकटीने तीन दिले होते.

"एक," विभागाच्या प्रमुख, मोठ्या बाई म्हणाल्या. पंचवीस वर्षांत त्यांचा गुण हलला नव्हता. माघारी सगळे त्यांना तराजूचा काटा म्हणत.

"पण बाई, हत्यारं देऊन टाकली म्हणतोय..."

"ज्योतिषी आहेस का गं? नाही म्हणाला ना तो? तोंडातलं मोजायचं, पोटातलं नाही."

पुन्हा तीन दिले असते तर नोकरी हुकली असती. तिने एक दिला आणि पास झाली.

मागच्या मंगळवारी शिंपीकाका समोर बसले होते. दाढी गुळगुळीत, आवाज मोकळा. "मरायचं कशाला, पोरी? सगळ्यांचे कपडे शिवून पोहोचते केले. मशीन पुतणीला देऊन टाकलं. बरं वाटतंय बघ."

धाकटीचं पेन थबकलं. दोन किंवा जास्त गुण पडले की तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलवायचा नियम होता. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. तिने एक लिहिला. बेरीज एका आठवड्यात नऊने उतरली. बाईंनी तिची पाठ थोपटली.

आता ती बाईंच्या टेबलापाशी उभी राहिली. "बाई, त्या सुताराचं पुढे काय झालं?"

बाईंनी चष्मा काढला. "पुढच्या भेटीला आला नाही. 'संपर्क तुटला' लिहून नाव कमी केलं."

"घरी कोणी गेलं होतं?"

बाईंनी शिंपीकाकांची फाइल ओढून पुतणीचा नंबर शोधला आणि फोन धाकटीच्या हातात दिला.

पुतणी दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. काका कालपासून दिसले नव्हते. ती फोन कानाला लावूनच निघाली. चपलांचा आवाज, मग जिना, मग धाप.

"आतून कडी आहे हो ताई."

"फोन ठेवू नकोस म्हणावं तिला," बाई म्हणाल्या.

अकरा वाजून चौदा मिनिटांनी फोनमधून दारावरच्या थापा ऐकू येत होत्या. आतून अजून कोणी ओ दिली नव्हती.