हनुवटी वर करू नका

मी पळी बोलतेय. तांब्याची, तीर्थाची, महाकालाच्या शहरातल्या नानाखेडा वस्तीतल्या एका देवघरातली. आज गोड बोलणं मला जमणार नाही, आधीच सांगते.

गेल्या चैत्रात या घरचे यज्ञेश्वरनाना अर्धांगाच्या झटक्यानं दवाखान्यात पडले. तेव्हा त्यांच्या सुनेनं, विजयानं, मला कपाळाला लावून महाकालाला नवस बोलला होता, "नाना घरी येऊ देत. वर्षभर रोज सकाळी माझ्या हातानं त्यांना तीर्थ देईन, त्याआधी पाण्याला शिवणार नाही." नाना घरी आले. विजया शब्दाची पक्की.

मला नानांनीच आणलं होतं, लग्नाच्या वर्षी, पटनी बाजारातून. दुकानातल्या दहा पळ्यांनी पाणी ओतून पाहिलं आणि जिची धार बारीक, सरळ पडली ती मी, म्हणून मला उचललं. त्या धारेचा मला फार तोरा होता. आता तिचीच चीड येते.

तीर्थ हातावर घ्यायचं असतं. पण नानांचा उजवा हात उचलेना, म्हणून विजया थेट तोंडात घालायची. तीर्थाचा थेंब खाली सांडू नये, म्हणून दुसऱ्या हातानं त्यांची हनुवटी वर करायची. मान मागे, तोंड उघडं आणि माझी धार. अकाली मरण टळावं म्हणून म्हणतात तो मंत्र म्हणत म्हणत ती रोज त्यांना ठसका लावायची.

शेजारचे दिलीपभैया हसून म्हणायचे, "कोई याद कर रहा है नानाजी को." नानांचा मुलगा अनिल पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "सावकाश घ्या ना बाबा, कुठे बस सुटतेय?" माझा नुसता संताप व्हायचा. अरे, माणूस पाण्याच्या एका घोटाशी झगडतोय आणि तुम्हाला विनोद सुचतात?

ज्येष्ठात ठसका बंद झाला. विजयानं देवापुढे साखर ठेवली, तिला वाटलं नवस फळला. पण नानांचा आवाज ओला झाला होता, बोलताना घशात पाणी खुळखुळल्यासारखा. कुणी ऐकलं? पंधरा दिवसांत ताप, छातीत कफ, पुन्हा दवाखाना. घरी आले की पुन्हा मी, पुन्हा ताप.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी गिळतानाची एक्स-रे फिल्म काढली. पाणी श्वासनळीत उतरत होतं आणि नानांना साधा खोकलाही येत नव्हता. मग निहारिका घरी आली. ती गिळण्याचे व्यायाम शिकवते. म्हणाली, रोज देता तसं देऊन दाखवा. विजयानं भक्तिभावानं मला भरलं, हनुवटीला हात घातला, आणि निहारिकानं तिचं मनगट धरलं.

"थांबा काकू. घोट घशाशी आला की मेंदूच्या देठातून हुकूम सुटतो, श्वास क्षणभर थांबतो, श्वासनळी मिटते. वय झालं की तो हुकूम मंदावतो, झटक्यानं आणखी उशीर होतो. पाणी तेवढं थांबत नाही. त्यात तुम्ही मान मागे करता, म्हणजे दरवाजा उघडाच. ठसका हा पहारेकरी होता. तो गेला म्हणजे नाना बरे झाले असं नाही, पहारेकरी झोपलाय."

विजयाचा चेहरा उतरला. "पण माझा नवस? अजून आठ महिने आहेत."

नाना अडखळत, ओल्या आवाजात म्हणाले, "नवस तू बोललीस. गिळायचं मला. मला विचारलंस?"

अनिलनं पेपर खाली ठेवला. विजया मला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि पदरात तोंड खुपसून रडली. तिच्यावरचा माझा राग तिथे विरघळला. बाकीच्यांवरचा नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं निहारिकानं दिलेली पावडर कालवून तीर्थ मधाइतकं दाट केलं. नाना खुर्चीत ताठ बसले. ती समोर पाटावर, त्यांच्याहून खाली, म्हणजे त्यांची नजर आणि हनुवटी आपोआप खाली. मी अर्धीच भरलेली. एक थेंब त्यांच्या बंडीवर सांडला. विजयाचा हात सवयीनं त्यांच्या हनुवटीकडे गेला, हवेत थांबला, परत मांडीवर आला. तिनं नुसतं त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. कंठमणी वर गेला, खाली आला.

"आ म्हणा नाना."

नानांनी 'आ' म्हटलं. आवाज कोरडा होता, स्वच्छ.

"खीर केलीस की गं तीर्थाची," नाना म्हणाले. "देवाला चालतं का?"

"देवाचं मी बघते. तुम्हाला चालतं का?"

"चालतं."

आता ताप नाही. मी रोज घासली जाते, लखलखते, पण राग अजून उतरत नाही. कारण किती घरांत आजही कुणी आजोबा पाण्यानं ठसकत असतील आणि घरचे हसत असतील. तुमच्या घरात कुणी ठसकत असेल, जेवल्यावर आवाज ओला होत असेल, ताप फिरून फिरून येत असेल, तर आधी गिळणं तपासून घ्या. दाट द्यायचं की पातळ, मान कशी ठेवायची, ते ज्याचं त्याचं वेगळं, तपासणाराच सांगेल.

विजयानं नवसाला एक ओळ जोडली आहे, समोरच्याचा कंठमणी वर जाऊन खाली येईपर्यंत दुसरी पळी भरायची नाही. तिनं घेतलंय, तुम्हीही हे व्रत घ्या. उद्यापन करू नका.