एकच गाणं येणारी मोना

शाळेत असताना भूमिका कोरियन गाणी ऐकायची म्हणून वर्गातल्या मुली तिला हसायच्या. त्यातला पाच पोरांचा एक बँड तर जणू तिचा एकटीचा होता. डबा खातानाही ती कोपऱ्यात बसून तेच ऐकायची. कॉलेजात गेल्यावर तिनं भिलाईतल्या चाहत्यांचा ग्रुप काढला आणि तिला मैत्रिणी मिळाल्या. मग बँडचं एक गाणं रील्सवर गाजलं आणि रोज नव्या मुली यायला लागल्या. त्यांत शाळेत हसणाऱ्याही होत्या. तेव्हापासून भूमिकानं नियमच केला, आधी प्रश्नांची उत्तरं द्यायची, मगच ग्रुपमध्ये यायचं.

बँडमधल्या एका गायकाच्या वाढदिवसाला सगळ्या केक घेऊन बागेत जमल्या. तिथं जवळच्या उतई गावाहून मोना आली. हातात तिनंच रंगवलेलं कार्ड होतं.

"पहला अल्बम कौन सा?" भूमिकानं विचारलं. घराबाहेर सगळ्या हिंदीच बोलायच्या.

मोनाला माहीत नव्हतं. पाच जणांची नावं सांगताना ती तिसऱ्यावर अडली.

"मुझे एक ही गाना आता है दीदी. लेकिन बहुत अच्छा लगता है."

ग्रुपमधली उर्वी फिसकन हसली.

"पहले सब सुन ले, फिर आना," भूमिका म्हणाली.

मोना मान हलवून निघून गेली.

थोड्या वेळानं भूमिका मेणबत्त्या आणायला बाहेर पडली, तर मोना गेटपाशी पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती.

"हाव आई, मस्त झालं. सगळ्या चांगल्या आहेत. मले बाजूले बसवलं, केक बी खाल्ला. नाई वं, कावून रडू? धूळ गेली डोयात."

भूमिका थबकली. शाळेतून आल्यावर तीही आईला असंच सांगायची, मले लय मैत्रिणी आहेत म्हणून. आईला ते कधी खरं वाटलं होतं का, कोण जाणे.

मोना वळली आणि तिला बघून कावरीबावरी झाली.

"केक अजून कापलाच नाई," भूमिका म्हणाली. "चाल."

"तुमी मराठी?"

"हाव. चाल ना."

"पन मले सगळी नावं नाई येत."

"येतील. मले बी पहिल्या दिवशी नव्हती येत."

दोघींना येताना बघून उर्वीनं तोंड वाकडं केलं. "रूल तो तूने ही बनाया था!"

"बनाया था. अब नहीं है."

उर्वी फुगून लांब जाऊन बसली. केक झाल्यावर मोनानं तिचं ते एक गाणं म्हटलं. निम्मे शब्द भलतेच होते. दुरुस्त करायला भूमिकानं तोंड उघडलं, पण मोना डोळे मिटून गात होती. कडव्याच्या शेवटी भूमिकाही तिच्यासोबत गायला लागली.

पुढच्या वेळी मोनानं उतईच्या आणखी दोघी आणल्या. त्यातल्या एकीनं आल्या आल्या विचारलं, "ये बैंडवाले चायना के हैं ना?"

भूमिकानं एक लांब श्वास घेतला आणि चटईवर सरकून तिला जागा करून दिली.