चिमणी पाडताना

बंद कारखान्याची चिमणी पाडायचं काम भावंडांच्या कंपनीला मिळालं, त्याच दिवशी ताईनं जाहीर करून टाकलं, "या वेळी उलटी मोजणी मी करणार." ती दादाची धाकटी बहीण, पण कामावर सगळे तिला ताईच म्हणत. मोजणी आजवर दादाची मिरास. तो कुरकुरला आणि म्हणाला, "कर. पण मध्येच कच खाल्लीस, तर पुन्हा नाव काढायचं नाही."

ताई कसली कच खातेय! सुरुंग तिनं स्वतः भरले होते, तारा स्वतः तपासल्या होत्या. आसपासची घरं रिकामी केली होती. चारही रस्त्यांवर एकेक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा होता. काही गडबड दिसली तर "थांबा" म्हणून ओरडायचं, नाहीतर तोंडाला कुलूप, एवढंच त्यांचं काम.

"दहा," ताई वॉकीटॉकीत म्हणाली. "नऊ. आठ."

"सात!" पलीकडून दणदणीत आवाज आला. "सहा! पाच!"

हे कारखान्याचे मालक. त्यांना हौस म्हणून दादानंच एक वॉकीटॉकी देऊन ठेवला होता, आणि ते आता चांगलेच रंगात आले होते. ताईनं स्फोटाच्या बटणावरचा हात काढला आणि उठून उभी राहिली.

"मोजणी बंद!"

गर्दीनं हुर्यो केली. दादा तावातावानं आला. "तार तुटली का?"

"नाही."

"मग? चारचौघांत नाक कापलंस माझं! मोजत होते बिचारे कौतुकानं, मोजू द्यायचं."

"एकानं वॉकीटॉकीचं बटण दाबून धरलं की दुसऱ्याचा आवाज पोचत नाही, दादा. 'थांबा' ऐकूच येणार नसेल, तर मोजायचं कशाला? सरळ उडवून मोकळं व्हावं."

तेवढ्यात मालकांनी हिरमुसून बटण सोडलं, आणि मागच्या गल्लीवर उभा असलेला मावसभाऊ वॉकीटॉकीतून किंचाळला, "अरे, कुणी ऐकतंय का? केव्हाचा थांबा थांबा ओरडतोय! गच्चीवर बाई आहे! धुरळा बसेल म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला आलीय!"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला.

दादा स्वतः गेला आणि मालकांच्या हातून वॉकीटॉकी घेऊन आला. बाई कपड्यांचा ढीग छातीशी धरून, दोन चिमटे दातांत घेऊन गल्लीबाहेर पडली.

"आता पाचापासून?" दादानं विचारलं.

"पहिल्यापासून."

"लोक कंटाळलेत गं."

"कंटाळू देत की."

ती मोजू लागली. दादा शेजारीच उभा होता. एक आकडा म्हटला की ताई वॉकीटॉकीवरचा अंगठा उचलायची, कानोसा घ्यायची, मगच पुढचा आकडा. इतकी वर्षं दादानं दहापासून शून्यापर्यंतची मोजणी एका दमात, खणखणीत आवाजात केली होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानं अंगठा एकदाही उचलला नव्हता.

चिमणी कोसळली, गर्दीनं जल्लोष केला. दादा मात्र मटकन खाली बसला होता.