सुभद्राबाईंच्या माहेरचा पत्ता

"पन मामाचं नाव काय?" भिवाजीने विचारलं.

नामाजी भिवाजीच्या दारात उभा होता. त्याने धाकट्या भावाकडे, पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी मामाचं घर शोधून, हात हलवत नुकताच एसटीतून उतरून आला होता आणि त्याच्या अंगावरची धूळही अजून झटकलेली नव्हती.

"मामाच," पुंजाजी म्हणाला. "आई दादा म्हनायची, आमी मामा म्हनायचो. आजून काय नाव असतंय मामाला?"

"तिथं कुनी इचारलं न्हाई?"

"समद्यांनी तेच इचारलं. कोनाकडं जायचं? म्हनलं मामाकडं. हसायले लोक. आडनाव सांगितलं तर म्हने आर्ध्या गावठानाचं आडनाव हेच हाय. सुभद्राबाईचं माहेर म्हनलं, तर म्हने या नावाची लेक आमच्या गावात कधी नवतीच. आपल्या गावात दिल्याली म्हनलं, तर सांगनारी जानती मानसं मेंढरांमागं रानात."

ते खरंही असणार. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. सुभद्रा हे सासरचं नाव. माहेरचं काय होतं ते लेकांना ठाऊक नव्हतं. आईला माहेरचं नाव असतं हेच मुळी त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

सुभद्राबाई आदल्या संध्याकाळी गेल्या. मेंढरं राखून आणि कोरडवाहू कसून पोटापुरतं मिळवणारं घर, त्या घरातली ही सगळ्यांत जुनी बाई. बाई कितीही म्हातारी होऊन मरो, अंगावरचं शेवटचं लुगडं माहेराहूनच आलं पाहिजे, असा तिकडचा रिवाज. सुभद्राबाईंनी तर लेकांना बजावूनच ठेवलं होतं, की दादाचं लुगडं आल्याशिवाय मला उचलायचं नाही. म्हातारीने जन्मभरात हट्ट केला तो हा एकच, आणि तोही असा, की तिला समजावायची सोय उरली नाही.

अडचण अशी होती, की त्या दादाशी बोलणंच नव्हतं. मेंढरांच्या वाटणीवरून सुभद्राबाईंचा नवरा आणि भाऊ भांडले होते आणि आता मेल्याशिवाय तोंड बघायचं नाही, असं दोघांनी एकमेकांना ऐकवलं होतं. रागात बोललेलं माणसं सहसा पाळत नाहीत. या दोघांनी पाळलं. येणंजाणं तुटलं, राहिला तो फक्त सांगावा. घरात कुणी मेलं, तर त्याची खबर तेवढी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जायची.

ती खबर भिवाजीच्या घरानं न्यायची. आधी त्याचा बाप नेत असे, बापाचे पाय थकल्यावर भिवाजी. कुठल्या बाईचं माहेर कुठे, कुणाची लेक कुठल्या गावी दिली, हे सारं या एका घराला तोंडपाठ. गावाला ते कधी लिहून ठेवावंसं वाटलं नाही. कशाला वाटेल? हाक मारली की काठी घेऊन निघणारी माणसं होतीच.

मग भिवाजीच्या वस्तीत धम्म आला. वस्तीची बैठक बसली आणि ठरलं, की गावची मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि कुणाचा सांगावा न्यायचा नाही. गावाने चिडून बलुतं बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली, पाण्याला अडवलं. वस्तीने ते दात खाऊन सोसलं. गाव चिडलं तेव्हा सुभद्राबाईही काही मागे नव्हत्या. त्यांच्या शिव्या वस्तीपर्यंत ऐकू येत. पुढे भिवाजी बांधकाम खात्याच्या गँगवर लागला आणि सडकेचे खड्डे बुजवू लागला. गावाने पोस्टकार्डाची सवय लावून घेतली.

सुभद्राबाईंचा नवरा वारला तेव्हाही त्यांनी भावाला पोस्टकार्डच टाकलं होतं, पुढे बदलून गेलेल्या एका मास्तराकडून लिहून घेऊन. ते गेलं जुन्या गावाच्या पत्त्यावर, आणि जुनं गाव तर धरणात बुडालं होतं. कुणी आलं नाही. दादाचा राग अजून गेला नाही, असं म्हणून सुभद्राबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

धरणाने उठलेली माणसं डोंगरकडा गावाच्या पुढे माळावर राहायला गेली, हे भिवाजीला कळमनुरीच्या बाजारात एका बकऱ्याच्या व्यापाऱ्याकडून कळलं होतं. म्हणून आज दिवस उगवता नामाजी पहिल्यांदा आला, तेव्हा भिवाजीने बसल्या जागेवरून तेवढं सांगून टाकलं. पत्ता सांगणं म्हणजे सांगावा नेणं नव्हे, असा त्याने मनाशी हिशेब घातला. पण तो पत्ता पुंजाजीच्या काही उपयोगी पडला नाही.

"मग तुमी कसं वळखायचे घर?" नामाजीने आता विचारलं. तुमी म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. पण म्हणाला खरा.

"आमी भाईरून वळखायचो," भिवाजी म्हणाला. "शिवंवर निवडुंगाचा कूप व्हता. त्याच्या अलीकडं, वाटंच्या कडंला हुभं ऱ्हायचं. हाक द्यायची. मानूस भाईर आलं की सांगायचं आन् माघारी फिरायचं. आत कोन ऱ्हाते, त्याहिचं नाव काय, हे आमाला कोन सांगनार? आन् आमी काहून इचारावं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. सडकेवर कुठे खड्डा आहे ते सांगावं, तसं त्याने सांगितलं. पण नामाजीने मान खाली घातली.

"तोंड वळखता का मामाचं?"

"वळखतो."

नामाजीला पुढचं बोलवेना. ते पुंजाजी बोलला. "मग चला ना संगं. दिस मावळायच्या आत माती द्यावी लागंल. न्हाई तर दुकानातलं लुगडं नेसवून आईला न्यावं लागते."

घरातून जनकाबाई बाहेर आली. भिवाजीच्या या बायकोने बलुतं बंद झालेल्या वर्षात रानातला पाला शिजवून लेकरं जगवली होती, तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क नवऱ्यापेक्षा तिचाच जास्त होता.

"जायचं न्हाई," ती म्हणाली. "आज हे आले, उद्या समदं गाव येईल. भिवाजी, ह्या गावाला जा. भिवाजी, त्या गावाला जा. मग सोडलं कशाला?"

"म्या कुठं जातो म्हनलं?"

"तुमच्या तोंडावर दिसून राहिलं."

भिवाजीला जायचं होतं की नाही, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. म्हातारीबद्दल त्याला माया नव्हती. पण बाई तशीच पडून आहे आणि ते तोंड ओळखणारा पंचक्रोशीत आपण एकटाच आहोत, ही गोष्ट त्याला स्वस्थ बसू देईना. आणि गेलो तर इतक्या वर्षांची अब्रू त्या माळावर सांडून येऊ, ही भीतीही तेवढीच खरी होती. आज गँगला सुट्टी होती, म्हणजे तीही सबब नव्हती.

दोघे भाऊ परत निघाले. ते चार घरं पुढे गेले असतील, तोच जनकाबाईने नामाजीला हाक मारली.

"नामाजी, तुमची आडचन असती तर म्या ह्याहिला उंबरा वलांडू दिला नसता. पन बाईचं लुगडं हाय. मलाबी माहेर व्हतं." मग ती नवऱ्याकडे वळली. "जा. पन सांगावा सांगायचा न्हाई, नुसतं घर दाखवायचं. आन् ऐका, ह्याहिच्या मागं चालू नका, पुढं चालू नका. बराबर चाला."

भिवाजीने धुतलेला सदरा घातला, डोक्याला टोपी घातली. काठी घेतली नाही. नामाजी आणि तो फाट्यावर गेले ते एकमेकांच्या बरोबरीने; पायवाट अरुंद होती तिथे एकाला ढेकळांतून चालावं लागलं आणि बहुतेक वेळा नामाजीच चालला. एसटीत नामाजी दोन तिकिटं मागणार, तेवढ्यात भिवाजीने आपले पैसे कंडक्टरच्या हातावर ठेवले.

नवं गावठाण म्हणजे उघड्या माळावर पत्र्याच्या घरांच्या रांगा होत्या. सगळी घरं एका मापाची, सगळ्यांची दारं एकाच बाजूला, आणि झाड म्हणावं असं एकही नाही. निवडुंग नाही, कूप नाही, शीव कुठे सुरू होते तेही कळत नव्हतं. उन्हाची वेळ होती. माणसं घरात होती नाहीतर मेंढरांमागे रानात.

"आता?" नामाजीने विचारलं.

भिवाजीलाही काही सुचेना. कुठल्या दारात जाऊन काय विचारायचं? तो इकडेतिकडे बघत उभा राहिला. नामाजी एका घराकडे चौकशीला गेला.

तेवढ्यात पाठीमागच्या उतारावरून एक म्हातारा डोक्यावर बकऱ्यांसाठी पाल्याचा भारा घेऊन येत होता. भिवाजीला पाहून तो जागीच थबकला. भारा त्याने उतरवला नाही, तो तसाच खाली पडू दिला.

"कोन गेलं?" म्हाताऱ्याने लांबूनच विचारलं.

भिवाजीने त्याला ओळखलं. आणि म्हाताऱ्याने आपल्याला इतक्या लांबून, इतक्या वर्षांनी कसं ओळखलं, तेही त्याच्या ध्यानात आलं. भिवाजी वाटेच्या कडेला उभा होता. हात पोटाशी बांधून, मान जराशी बाजूला वळवून, वाटेवर सावली पडणार नाही असा. पायांनी त्याला न विचारताच जुन्या जागी नेऊन उभं केलं होतं. भिवाजीला स्वतःची भयंकर शरम वाटली. धुतलेला सदरा, टोपी, खिशातलं स्वतःचं तिकीट, यांतलं काहीच म्हाताऱ्याला दिसलं नव्हतं.

त्याने हात सोडले. कडेवरून निघून तो वाटेच्या मधोमध आला आणि म्हाताऱ्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

"म्या सांगावा घेऊन आलो न्हाई," तो म्हणाला. "तो तुमचा भाचा हाय. सांगायचं ते त्यो सांगंल."

नामाजी धावत आला. त्याने मामाला याआधी पाहिलं होतं ते पोरवयात. "मामा, आई गेली," एवढंच तो कसंबसं बोलला.

"चांगुणा?" म्हातारा म्हणाला. "माझी चांगुणा गेली?"

आईचं नाव नामाजीने असं पहिल्यांदा ऐकलं. त्याला रडू फुटलं. म्हातारा खाली बसला, पाल्यात हात घालून नुसता बसून राहिला. आवाज ऐकून घरांतून माणसं आली. कुणीतरी "कोंडीबा, काय झालं?" असं विचारलं, तेव्हा मामाचं नावही कळलं.

लुगडं मात्र आणायला जावं लागलं नाही. ते घरातच होतं. कोंडीबाच्या बायकोने पेटीच्या तळातून हिरवं इरकली काढलं. बहिणीची समजूत काढायला जाईन तेव्हा नेईन, म्हणून कोंडीबाने ते कधीतरी घेऊन ठेवलं होतं आणि जाणं राहून गेलं होतं. घडीवर ते फिकट पडलं होतं.

मिळाली त्या एसटीने तिघं परत निघाले. तिघांच्या बाकावर खिडकीशी नामाजी, मधे भिवाजी आणि अलीकडे कोंडीबा. लुगड्याचं गाठोडं कोंडीबाच्या मांडीवर होतं. दिवस अजून बराच वर होता. माती वेळेत होणार होती.

एसटी माळ सोडून सडकेला लागली. मग कोंडीबा म्हणाला, "इतकी वर्सं तुमच्याकून कुनी आलंच न्हाई. मला वाटलं, समदे जित्ते हायेत."

नामाजी खिडकीबाहेर बघू लागला.

"भाऊजी कसे हायेत?" कोंडीबाने विचारलं. विचारलं ते नामाजीला नाही, भिवाजीला.

मी सांगणार नाही, हे भिवाजीने दुपारीच सांगून टाकलं होतं. पण ते वाटेवर होतं. इथे बाक एक होता आणि सडकेवरच्या प्रत्येक खड्ड्याला दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"ते गेले," भिवाजी म्हणाला.

"कवा?"

"दुष्काळाच्या आदी."

"आन् चांगुणाची थोरली जाऊ?"

"त्याबी गेल्या. त्याहिच्या मागं, दुसऱ्याच साली."

कोंडीबा एकेकाचं विचारत राहिला. चुलत दीर, त्याचा लंगडा पोरगा, शेजारची म्हातारी. भिवाजी सांगत राहिला. हाक द्यावी लागत नव्हती, मान वळवावी लागत नव्हती. प्रत्येकाच्या मागे कोंडीबा गाठोड्यावरून एकदा हात फिरवी आणि भिवाजी त्याला घाई करत नसे.

कळमनुरी मागे पडल्यावर कोंडीबाने मान वर केली. "तुज्या आदी एक मानूस यायचा. उंच. खोकत खोकत यायचा. त्यो कोन?"

"माजा बाप."

"त्यो?"

"त्योबी गेला. लय वर्सं झाली."

"आमाला कळलं न्हाई," कोंडीबा म्हणाला. एसटी चढ चढून वर आली. मग त्याने डोक्यावरचा पटका काढून गाठोड्यावर ठेवला.

"नाव काय व्हतं त्याहिचं?"

भिवाजीने सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"सटवाजी," तो म्हणाला.